विमानाची तारीख आधी, पैसे नंतर

प्रश्न : मी ३३ वर्षांची आहे, मुलुंडला आईबाबांसोबत राहते. जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी मिळाली आहे. १५ ऑक्टोबरला रुजू व्हायचं आहे, तिकीट ३ ऑक्टोबरचं आहे. बचत खात्यात साधारण १४ लाख आहेत. ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता ४२,००० जातो; मी गेल्यावर तो फ्लॅट भाड्याने देणार आहोत. आईबाबांना दरमहा २५,००० पाठवायचे आहेत. फेब्रुवारीत बहिणीचं लग्न आहे, तेव्हा १२ दिवस येईन. तिकडे पहिला पगार होईपर्यंतचे पैसे कसे न्यायचे? इथलं खातं तसंच ठेवलं तर चालेल का? दरमहा पैसे पाठवायला स्वस्त मार्ग कोणता? आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा श्टुटगार्टलाच आहे. ते म्हणतात, तिकडे तो ५,००० युरो देईल, तुम्ही इथे आम्हाला रुपये द्या, बँकेचं कमिशन वाचेल. आणि आई विचारते आहे, रोख किती न्यावी?

उत्तर : शेजाऱ्यांपासून सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रातली ही एकच गोष्ट अशी आहे जिला सरळ नाही म्हणायचं आहे. तिकडे युरो घ्यायचे आणि इथे रुपये चुकते करायचे, यात पैसा सीमा ओलांडतच नाही, म्हणून तो व्यवहार निरुपद्रवी वाटतो. कायद्याच्या भाषेत मात्र ती हवालाच आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे १९९९ चा फेमा, परकीय चलनाचा व्यवहार फक्त अधिकृत बँक किंवा अधिकृत मनीचेंजरमार्फत करू देतो, आणि उल्लंघनाचा दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. शेजारी भले असतील, त्यांचा मुलगाही भला असेल. पण तुमच्या नव्याकोऱ्या जर्मन खात्यात कुणा तिसऱ्याचे ५,००० युरो आले आणि बँकेने ‘हे कशाचे?’ असं विचारलं, तर दाखवायला तुमच्याकडे एकही कागद नसेल. नवं खातं तिथे संशयावरून गोठलं तर पगारही त्यातच अडकतो. आणि वाचणार किती, तर पुढे हिशोब येईलच, दहा-बारा हजार रुपये. तेवढ्यासाठी ही जोखीम घेऊ नका.

आता मूळ मुद्दा. ‘पैसे कसे न्यायचे’ असं तुम्ही विचारलं आहे, पण तुमच्या बाबतीत ‘कधी’ हे आधी ठरतं. ३ ऑक्टोबरला विमान सुटेपर्यंत तुम्ही फेमाच्या दृष्टीने निवासी आहात. नोकरीसाठी देश सोडलात की त्या दिवसापासून अनिवासी. या तारखेच्या अलीकडे जे काम एका फॉर्मवर होतं, तेच पलीकडे सीएच्या प्रमाणपत्रावर जातं.

निवासी माणसाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे बँकेतले लोक जिला एलआरएस म्हणतात त्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परकीय चलन घेता येतं. परदेशी नोकरीसाठी जाणं हे त्यातलं मान्य कारण आहे. फॉर्म ए-टू, पॅन, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि नेमणूकपत्र एवढं पुरतं. वर्षभरात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँक चलन देतानाच आगाऊ कापून घेते तो कर, नाही. त्यापुढच्या रकमेवर तुमच्या कारणासाठी २० टक्के कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण ऐन गरजेच्या वेळी पैसे अडकून पडतात. म्हणून मर्यादेच्या आत राहा. चालू वर्षात आधी कुठे परदेशी सहल केली असेल आणि त्यासाठी फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून घ्यायचं कार्ड) भरलं असेल किंवा डेबिट कार्ड तिकडे वापरलं असेल, तर ती रक्कमही याच १० लाखांत मोजली जाते. क्रेडिट कार्डावर परदेशात केलेला खर्च सध्या या मोजणीबाहेर आहे.

तुम्हाला लागतील किती? जर्मनीत घराची अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘थंड’ भाड्याएवढी असते. थंड म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा असे खर्च न धरता. तिकडचा कायदा ही अनामत तीन समान मासिक हप्त्यांत भरायची मुभा भाडेकरूला देतो. घरमालक हे आपणहून सांगेलच असं नाही. भाडं थंड १,१०० आणि सगळं धरून १,४०० युरो मानलं, तर अनामत ३,३०० आणि पहिलं भाडं १,४००. तात्पुरती खोली, पास, किराणा, गादी-भांडी, थंडीचा कोट यांचे मिळून आणखी अडीच-तीन हजार. शिवाय १५ तारखेला रुजू होणाऱ्याचा पगार त्याच महिन्याच्या यादीत बसेल याची खात्री नसते. नोव्हेंबरअखेर दोन्ही महिन्यांचे एकदम येऊ शकतात. आणि कर-ओळख क्रमांक वेळेत मिळाला नाही, तर पहिल्या पगारातून सगळ्यात चढा, सहाव्या वर्गाचा कर कापला जातो. तो पुढे मिळतो परत, पण पहिल्या महिन्यात हाती आलेली रक्कम पाहून छाती दडपते. हे सगळं धरून ८,००० युरो जवळ असावेत. गणित सोपं जावं म्हणून युरो १०० रुपयांना धरू. म्हणजे ८ लाख. टीसीएसच्या मर्यादेत बसतात.

इथेच खरी अडचण आहे. तुमचं जर्मन खातं उघडलेलं नाही, त्यामुळे निघण्याआधी थेट तिकडे पाठवायला पत्ताच नाही. मग तीन भाग करा.

पहिला भाग फॉरेक्स कार्ड, ५,००० युरोचं. कार्ड युरोतलंच घ्या. डॉलरचं कार्ड जर्मनीत घासलं तर दर वेळी पुन्हा रूपांतराचा तोटा होतो. चलन घेतल्यापासून ६० दिवसांत प्रवास व्हावा लागतो, त्यामुळे ४ ऑगस्टपासून कधीही घेता येईल. पैसे स्वतःच्या खात्यातून द्या. रोखीने ५०,००० रुपयांपर्यंतच घेतात. या कार्डाची एक मर्यादा आधीच ओळखून असा : त्यावरून दुकानात पैसे देता येतात, एटीएममधून काढता येतात, पण घरमालकाच्या खात्यात पाठवता येत नाहीत. अनामतीसाठी पैसे काढून स्वतःच्या नव्या खात्यात भरावे लागतील. तिथली बरीच यंत्रं परदेशी कार्डावर स्वतःची चार-सहा युरोंची फी लावतात, शिवाय कार्ड देणाऱ्याची वेगळी. म्हणून पन्नास-पन्नास काढत बसू नका; कार्डाच्या दिवसाच्या मर्यादेपर्यंत एकदम काढा. यंत्र विचारेल, ‘रुपयांत आकारू का?’ नाही म्हणा. दुकानातही तेच. रुपयांत हो म्हटलं की दर यंत्राचा मालक ठरवतो, आणि तो तुमच्या सोयीचा नसतो.

दुसरा भाग बाबांकडून. तुम्ही तिकडे खातं उघडलं की बाबा स्वतःच्या एलआरएस मर्यादेतून, जवळच्या नातेवाइकाचा निर्वाह किंवा भेट या कारणाखाली, अडीच-तीन हजार युरो थेट तुमच्या खात्यात पाठवू शकतात. त्यांची १० लाखांची मोजणी त्यांच्या पॅनवर स्वतंत्र चालते. मुलीला दिलेल्या भेटीवर इथे कर नाही, आणि जर्मनीतही आई आणि वडील प्रत्येकाकडून अपत्याला दहा वर्षांत मिळून ४,००,००० युरोंपर्यंत भेटकर लागत नाही. त्यासाठी तुम्ही जाण्याआधी बाबांना त्यांच्या शाखेत घेऊन जा आणि हा व्यवहार तिथे होतो का, की नेटबँकिंगवरून होतो, हे समोर बसून पाहा. मुलुंडच्या एखाद्या छोट्या शाखेत ए-टू म्हटल्यावर कारकून गोंधळून पाहू लागला तर वेळ घालवू नका. फोर्ट किंवा बीकेसीच्या मोठ्या शाखेत परकीय चलनाचं टेबल असतं, तिथली माणसं हेच काम दिवसभर करतात.

तिसरा भाग रोख. तो आईंचा प्रश्न आहे, शेवटी घेऊ.

आता दर. बँका ‘कमिशन फक्त हजार रुपये’ म्हणतात ते खरंही असतं. पैसा जातो तो दरात. बाजारातला मधला दर १०० असेल आणि बँकेने १०२.५० लावला, तर ८,००० युरोंवर २०,००० रुपये गेले, आणि पावतीवर ते कुठेही ‘फी’ म्हणून दिसणार नाहीत. १०१ लावला तर गेले ८,०००. हाच तो फरक ज्यासाठी शेजारी हवाला सुचवत होते. तो घासाघीस करूनही मिळतो : त्याच दिवशी, त्याच तासाला दोन बँका आणि एका अधिकृत मनीचेंजरकडे ‘सगळं धरून ५,००० युरोच्या कार्डाला माझ्या खात्यातून किती रुपये जाणार?’ एवढंच विचारा. चलन रूपांतरावरचा जीएसटी सगळीकडे सारखाच, ८ लाख एकदम घेतले तर ८१० रुपये. सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान काम उरका. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो आणि बंद बाजाराची भीती विकणारा दरात घालतो. एक मेला तर महाराष्ट्र दिन म्हणून मुंबईचा बाजार बंद आणि कामगार दिन म्हणून युरोपचाही. त्या दिवसाच्या आगेमागे पाठवलेले पैसे हमखास वाटेत रेंगाळतात.

‘इथलं खातं तसंच ठेवलं तर?’ चालणार नाही. अनिवासी झाल्यावर निवासी बचत खातं बदलून अनिवासींचं एनआरओ खातं करून घ्यावंच लागतं. कुणाला कळणार आहे, असं सांगणारे भेटतील. भारत आणि जर्मनी आपापल्या बँकांतल्या खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप देतात, आणि तुमचा केवायसीचा पत्ता, पासपोर्टवरचे शिक्के, विवरणपत्र यांचा मेळ कधीतरी बसवला जातोच.

दोन खाती लागतील. एनआरओमध्ये इथलं उत्पन्न : फ्लॅटचं भाडं, लाभांश, जुनी शिल्लक. एनआरईमध्ये फक्त तिकडून आलेला पैसा. एनआरईचं व्याज इथे करमुक्त आणि मुद्दल-व्याज कधीही, कितीही परत नेता येतं. एनआरओच्या व्याजावर ३१.२ टक्के कापले जातात आणि तिथून पैसे बाहेर न्यायला आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा, आयकर खात्याच्या संकेतस्थळावरचं घोषणापत्र आणि बहुतेक वेळा सीएचं प्रमाणपत्र, म्हणजे आजवर ज्यांना पंधरा-सीए आणि पंधरा-सीबी म्हणत आलो ते कागद, लागतात. म्हणून भाड्याचे पैसे चुकून एनआरईत घेऊ नका आणि पगारातून पाठवलेले चुकून एनआरओत टाकू नका. दुसरी चूक लोक सर्रास करतात, कारण जुना खाते क्रमांक पाठ असतो. मग पाच वर्षांनी तोच पैसा परत न्यायला सीएच्या दारात उभं राहावं लागतं.

खातं बदलण्याच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान क्रमवारीमुळे होतं. काही बँकांत एनआरओ झाल्यावर खाते क्रमांक तोच राहतो, काहींत नवा मिळतो. नवा मिळाला की जुन्यावर बांधलेले सगळे मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायच्या संमती, गळतात : गृहकर्जाचा हप्ता, एसआयपी, विम्याचा हप्ता. हप्ता परत गेला की दंड आणि क्रेडिट स्कोअरवर डाग, आणि तुम्ही तिकडे घर शोधत फिरताय. शाखेत पहिला प्रश्न हाच विचारा : क्रमांक बदलणार का? बदलणार असेल तर गृहकर्जाचा नवा मँडेट मंजूर झाल्याचा निरोप येईपर्यंत जुनं खातं बदलायला देऊ नका, आणि त्या काळात दोन हप्त्यांचे, म्हणजे ८४,००० रुपये खात्यात राखून ठेवा. जुनं डेबिट कार्डही त्या दिवशी बंद होतं. त्याच्या भरवशावर विमानात बसू नका. एनआरई खात्याचं कार्ड तिकडे चालतं. अर्ज निघण्याआधी घेणारी बँक असेल तर फॉर्म, व्हिसा आणि नेमणूकपत्र आत्ताच देऊन ठेवा. नाहीतर तिकडून कागद साक्षांकित करून पोस्टाने पाठवण्यात दोन महिने जातात.

बाबांना एनआरओ खात्यावर ‘प्रथम धारक किंवा उत्तरजीवी’ पद्धतीने जोडता येतं, किंवा इथली देणी भागवण्यापुरतं अधिकारपत्र देता येतं. अधिकारपत्र पुरे. सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर भरायला तेवढं लागतं. भाडेकरू ठेवताना मात्र त्याला आधीच सांगा की मालक अनिवासी असल्यामुळे भाड्यातून कर कापून भरायची जबाबदारी त्याची आहे. दलाल हे लपवतात, कारण ऐकल्यावर निम्मे भाडेकरू पळतात. करारातच लिहून घ्या.

आता आयकर, कारण तो फेमापेक्षा वेगळ्या घड्याळावर चालतो. नोकरीसाठी जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त इथे राहिला तर करापुरता निवासी. १ एप्रिलपासून मोजत गेलं तर २९ सप्टेंबर हा १८२ वा दिवस. तुम्ही ३ ऑक्टोबरला निघताय, म्हणजे १८६ झाले, आणि लग्नाचे १२ धरून १९८. तिकीट आठवडाभर अलीकडे ओढलं तर सुटाल का, असं मनात येईल. लग्न नसतं तर २८ सप्टेंबरपर्यंत निघून सुटला असता. लग्नामुळे १६ सप्टेंबरपर्यंत निघावं लागेल. तेवढ्यासाठी महिनाभर बिनपगारी तिकडे राहणं परवडत नाही. तिकीट आहे तसं ठेवा. याचा अर्थ एवढाच की या वर्षीच्या भारतीय विवरणपत्रात जर्मन पगार दाखवायचा आणि तिकडे भरलेल्या कराचं श्रेय दोन देशांमधल्या करारानुसार मागायचं. जर्मन कर सहसा इथल्यापेक्षा जड असल्याने जास्तीचं फारसं काही भरावं लागत नाही. पण पगारपत्रकं आणि कंपनी वर्षअखेरीस देते तो पगारकराचा दाखला जपून ठेवा, आणि विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात जर्मन खातं लिहा, शिल्लक कितीही थोडी असो. हे एक वर्ष सीएकडून करून घ्या. पुढच्या वर्षीपासून मामला सोपा आहे. तेव्हा जर्मन कर कार्यालयाचा निवासी दाखला मिळवलात तर एनआरओच्या व्याजावरची कपातही करारानुसार १० टक्क्यांवर आणता येते.

जर्मनीत पोचल्यावर घराचा पत्ता नगरपालिकेत नोंदवायचा असतो, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. खातं उघडायला बँका ही नोंद मागतात, नोंदीला घर लागतं आणि घराला कधीकधी खातं. हे त्रांगडं तिथे जाणाऱ्या सगळ्यांच्या वाट्याला येतं. कायदेशीर वास्तव्य असलेल्याला साधं खातं मिळण्याचा हक्क तिथे आहे. त्याला ‘बाझिसकोंटो’ म्हणतात, आणि पूर्ण अर्ज दिल्यावर बँकेला दहा कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अडवणूक झाली तर हा शब्द उच्चारा. कार्ड एका पाकिटातून आणि पिन दुसऱ्या पाकिटातून, दोन्ही साध्या टपालाने येतात. पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन ती पाकिटं परत नेतो, मग घर क्रमांक कितीही बरोबर असो. तुम्ही कुणाच्या घरी खोली घेऊन राहत असाल तर पहिल्याच दिवशी पेटीवर चिठ्ठी चिकटवा.

नावाचं प्रकरण आपल्याकडच्या लोकांना फार छळतं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात, बँकेत नाव-आद्याक्षर-आडनाव, पॅनवर पूर्ण तिन्ही, आणि पदवीवर आडनाव आधी. युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून युरोतल्या बँकांना पैसे सुटण्याआधी खातेदाराचं नाव आणि आयबॅन (तिकडचा खाते क्रमांक) पडताळून पाठवणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं : जुळतं, जवळपास जुळतं, जुळत नाही. भारताकडून येणाऱ्या पैशांतही नावातला फरक हे अडकण्याचं नेहमीचं कारण असतं. जर्मन खातं पासपोर्टवर जसं आहे तसंच उघडा, आणि पैसे पाठवताना तीच अक्षरं, त्याच क्रमाने लिहायला बाबांना सांगा. जर्मन आयबॅन २२ अक्षरांचा असतो. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवू नका, मजकूर पाठवा, म्हणजे हाताने टिपताना चूक होणार नाही. भारतात आयबॅन नाही. इकडे पाठवताना खाते क्रमांक आणि ११ अक्षरांचा आयएफएससी लागतो, ज्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नाही.

पैसे निघाले पण पोचले नाहीत, असं झालं तर बँकेकडे ‘यूईटीआर’ मागा. स्विफ्टच्या, म्हणजे बँकाबँकांमधल्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या, प्रत्येक व्यवहाराला मिळणारा हा ३६ चिन्हांचा क्रमांक असतो आणि पैसे मधल्या कोणत्या बँकेत थांबलेत हे त्यावरून दिसतं. ‘तीन-चार दिवस थांबा’ या उत्तरापेक्षा तो उपयोगी. मधल्या बँका वाटेत आपला तुकडा तोडतात, त्यामुळे ३,००० पाठवले आणि २,९८० पोचले असं होतं. अनामतीसारखी रक्कम नेमकी पोचायला हवी असेल तर फॉर्मवर सगळे खर्च पाठवणाऱ्याने सोसायचा पर्याय निवडा. सामायिक खर्चाचा नको.

दरमहा इकडे पाठवण्याचं उत्तर त्यामानाने छोटं आहे. जर्मन बँकेतून थेट स्विफ्टने पाठवू नका. छोट्या रकमेला ते महाग पडतं. वाइज, रेमिटलीसारख्या सेवा आणि भारतीय बँकांच्या स्वतःच्या सेवा यांची तुलना एकाच आकड्यावर करा : १,००० युरो दिले तर खात्यात रुपये किती? फी शून्य आणि दर ९८.६० म्हणजे ९८,६००. फी सात युरो आणि दर १०० म्हणजे ९९,३००. ‘फुकट’वालं महाग निघालं. पहिल्या वेळचा दर आमिषाचा असतो, दुसऱ्या वेळचा पाहून मग ठरवा. आईबाबांचे २५,००० सरळ त्यांच्या बचत खात्यात जाऊ द्या. मुलीने आईवडिलांना दिलेल्या पैशावर त्यांना कर नाही. हप्त्याचे एनआरईत पाठवा आणि कर्जाचा मँडेट भाडं जमा होणाऱ्या एनआरओवर ठेवून कमी पडेल तेवढंच तिकडे वळवा. एनआरईतून एनआरओत पैसे सहज जातात, उलटं जाताना कागद लागतात. एक अट पाहा : वेस्टर्न युनियन, मनीग्रॅमसारख्या ज्या योजनेतून काउंटरवर रोख मिळते, तिच्यातून एनआरई खात्यात पैसे भरता येत नाहीत, आणि एका वेळी २,५०० डॉलरची मर्यादा असते. घाईच्या वेळी आईबाबांना रोख हवी असेल तर ती योजना ठीक.

मोबाइल. हे सगळं ओटीपीवर चालतं आणि ओटीपी तुमच्या मुलुंडच्या नंबरवर येतो. सिम बाबांच्या जुन्या फोनमध्ये ठेवून रात्री दोन वाजता त्यांना उठवायची पद्धत अनेक घरांत आहे. तशी ठेवू नका, बँकेच्या नियमातही ते बसत नाही. नंबर ई-सिमवर घ्या, आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्या, डेटा बंद ठेवा आणि वैधता संपू देऊ नका. यूपीआय परदेशी नंबरवर चालवायची सोय २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाली तेव्हा तिच्यात दहा देश होते आणि त्यांत जर्मनी नव्हता, म्हणून भारतीय नंबरच तुमचा आधार. जर्मन नंबर मिळाला की एनआरई खात्याला तोही जोडायला सांगा आणि ओटीपी ईमेलवर मिळेल का ते विचारा. आयकर संकेतस्थळावर निवासी स्थिती बदला, आणि म्युच्युअल फंड व डीमॅटचं केवायसीही. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, वाढवता मात्र येत नाही.

आणि आता आईंना सांगा : रोख ५०० युरो. नियमाने एका प्रवासाला ३,००० डॉलरएवढ्या नोटा नेता येतात, पण हॉस्टेलच्या खोलीत तेवढ्या सांभाळत बसण्यात अर्थ नाही. काउंटरवर दहा-वीस-पन्नासच्याच नोटा मागा. पाचशेची युरो नोट २०१९ पासून नव्याने काढणं बंद आहे आणि दोनशेची नोट बेकरीवाला हातात घेत नाही. जर्मनीत छोट्या दुकानांत अजून रोखच लागते, आणि पहिल्या रविवारी बहुतेक सुपरमार्केटं बंद असतील. स्टेशनवरच्या दुकानात ब्रेड-दूध घ्यायला हेच पैसे कामी येतील. पाकिटात पाचशेच्या चार भारतीय नोटाही राहू द्या. २५,००० रुपयांपर्यंत नेता येतात, आणि फेब्रुवारीत पहाटे विमानतळावरून मुलुंडला यायला टॅक्सीवाल्याला युरो चालणार नाहीत.